परदेशी वर्गात स्वदेशी समाज : सामाजिक परिवर्तनाच्या अभ्यासाची एक मराठी परंपरा

१. प्रश्नाचे स्वरूप

उच्च शिक्षणासाठी परदेशी गेलेला विद्यार्थी तेथे काय शिकतो, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः त्याच्या पदवीवरून दिले जाते. कोणी कायदा शिकून आला, कोणी वैद्यक, कोणी अर्थशास्त्र. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून महाराष्ट्रातून बाहेर गेलेल्या काही विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र हे उत्तर अपुरे पडते. समाजाची रचना अनादी नसून ती घडलेली असते, ती ज्या कारणांनी घडली ती शोधता येतात, आणि म्हणून तिच्यातील बदलाचाही शास्त्रीय विचार करता येतो, ही दृष्टी घेऊन हे विद्यार्थी परतले. ही दृष्टी त्यांना परदेशातच का आणि कशी लाभली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

याचे एक प्रचलित उत्तर असे की, पाश्चात्त्य देशांत त्यांनी समता प्रत्यक्ष पाहिली आणि तिची ओढ त्यांना लागली. या उत्तरात तथ्यांश आहे. पण तेवढ्याने भागत नाही. समतेचा विचार समजण्यासाठी बोटीत बसावेच लागते असे नाही. महात्मा फुले यांनी कधीही समुद्र ओलांडला नाही. तरी १८७३ साली प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा आपला ग्रंथ त्यांनी दास्यविमोचनाच्या कार्याबद्दल अमेरिकेच्या जनतेस अर्पण केला. उलटपक्षी, लंडनमध्ये राहून बॅरिस्टर झालेले कितीतरी लोक आपल्या जातीच्या व कुळाच्या समजुती जशाच्या तशा जपून परत आले. तेव्हा परदेशगमन हे परिवर्तनाच्या जाणिवेचे पुरेसे कारण नव्हे, आणि अनिवार्य कारणही नव्हे. मग परदेशातील वर्गाने नेमकी कोणती भर घातली?

येथे भाषेच्या अभ्यासातील एक साधा अनुभव उपयोगी पडतो. मराठी बोलणारी व्यक्ती ‘मी आंबा खाल्ला’ आणि ‘मी पोळी खाल्ली’ ही वाक्ये सहज उच्चारते. खाणारा पुरुष असो वा स्त्री, क्रियापद येथे आंब्याच्या व पोळीच्या लिंगानुसार बदलते, ही गोष्ट तिच्या ध्यानीही येत नाही. मराठी शिकणारा परभाषिक ‘असे का?’ म्हणून विचारतो, तेव्हा बोलणाऱ्याला आपल्या भाषेत नियम आहे याचा प्रथमच पत्ता लागतो. भाषा तीच राहते. पण बोलणारा तिचा निरीक्षकही होतो. समाजव्यवहाराची गोष्ट याहून फारशी वेगळी नाही. ज्या रूढीत मनुष्य जन्मतो ती त्याला नियम म्हणून दिसत नाही. परक्यांच्या वर्गात ती समजावून सांगावी लागते, तेव्हा ती नियम म्हणून मांडावी लागते, आणि नियम म्हणून मांडली की तिचे कारण देण्याची जबाबदारी येते. पुढील उदाहरणांतून हा मुद्दा तपासून पाहावयाचा आहे.

२. पंडिता रमाबाई : लोकस्थितीचे निरीक्षण

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वैद्यक शिकण्याचा त्यांचा बेत श्रवणदोषामुळे सोडावा लागला. पुढे चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात त्यांनी संस्कृत शिकविले आणि स्वतःही अध्ययन केले. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ च्या मार्चमध्ये त्या फिलाडेल्फियास गेल्या आणि १८८८ च्या अखेरीपर्यंत अमेरिकेत राहिल्या. परतल्यावर १८८९ साली त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे मराठी पुस्तक प्रसिद्ध केले.

या शीर्षकातील शब्दांचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. प्रवासवृत्ताआधी लोकस्थिती आली आहे. तेथील राज्यव्यवस्था, शिक्षण, लोकोपयोगी संस्था आणि स्त्रियांची अवस्था यांचे वर्णन रमाबाईंनी केले ते नवलाईच्या गोष्टी सांगण्यासाठी नव्हे. अमेरिकेतील स्त्रियांना शिक्षण व व्यवसाय यांतील जागा कोणी दान दिलेली नाही. मंडळ्या स्थापून, वर्गणी जमवून, सभा भरवून आणि पिढ्यान्‌पिढ्या विरोध सोसून ती मिळविलेली आहे, हे त्यांनी दाखविले. त्या देशाच्या उणिवाही त्यांनी झाकल्या नाहीत. मूळ रहिवाशांना मिळालेली वागणूक आणि वर्णद्वेष यांवर त्यांनी टीका केली आहे.

रमाबाईंच्या शिक्षणाचा अर्थ येथे स्पष्ट होतो. परिवर्तन ही एखाद्या राष्ट्राच्या स्वभावातून आपोआप उगवणारी गोष्ट नसून तिला संघटनेची यंत्रणा लागते, ही गोष्ट त्या शिकल्या. किंडरगार्टन पद्धतीचे शिक्षण त्यांनी फिलाडेल्फियात घेतले. १८८७ च्या अखेरीस बोस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुस्तक आणि संस्था एकाच वर्षातल्या आहेत, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. जे पाहिले त्याचे एकीकडे मराठीत विवरण झाले आणि दुसरीकडे त्याची मुंबईत उभारणी झाली.

तथापि, रमाबाईंनी शास्त्रीय तपासणीचा विषय केला तो मुख्यतः परका समाज. स्वतःचा समाज त्याच पद्धतीने परदेशी विद्यापीठाच्या चर्चेत मांडण्याचे काम पुढील पिढीने केले.

३. न्यूयॉर्क राज्यातील दोन मराठी विद्यार्थी

श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ साली अमेरिकेस गेले आणि न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठात शिकले. जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ साली इथाका येथे प्रसिद्ध झाला. मनुस्मृतीच्या आधारे प्राचीन समाजस्थितीचा शोध घेणाऱ्या या ग्रंथात त्यांनी जातीची दोन लक्षणे सांगितली : एक, जातीचे सदस्यत्व त्या जातीत जन्मलेल्यांपुरतेच मर्यादित असते; दोन, जातीबाहेर विवाह करण्यास सामाजिक नियमाने कडक बंदी असते.

चार वर्षांनी, १९१३ मध्ये, भीमराव रामजी आंबेडकर बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्यांचा पदवीचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. परंतु इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानवशास्त्र या विषयांच्या वर्गांनाही त्यांनी हजेरी लावली. ९ मे १९१६ रोजी डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चावर्गात त्यांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास या विषयावर निबंध वाचला. १९१७ साली तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त प्रसिद्ध झाला. गोल्डनवायझर हे फ्रान्झ बोआस यांचे शिष्य होते. मनुष्यसमूहांतील भेद वंशाने नव्हे, तर इतिहासाने व संस्कृतीने समजून घ्यावेत, असा बोआस यांच्या संप्रदायाचा आग्रह होता.

निबंधाची मांडणी या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगी आहे. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर यांनी केलेल्या जातीच्या व्याख्या आंबेडकरांनी क्रमाने तपासल्या. केतकरांच्या व्याख्येचे मोल त्यांनी मान्य केले. पण तिच्यात दोन लक्षणे मानणे चुकीचे आहे, असे दाखविले. जातीबाहेरील विवाहास बंदी घातली, की सदस्यत्व जन्मापुरते मर्यादित होणे ओघानेच येते. तेव्हा ही दोन लक्षणे नसून एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. अशा रीतीने अंतर्विवाह हेच जातीचे एकमेव व्यवच्छेदक लक्षण म्हणून शिल्लक राहते.

येथून खरा प्रश्न सुरू होतो. सगोत्र आणि सपिंड विवाह निषिद्ध मानणारा, म्हणजे मुळात बहिर्विवाही असलेला हा समाज. त्यात अंतर्विवाह आला कसा आणि टिकला कसा? आंबेडकरांचे उत्तर असे. एखाद्या गटाने आपली दारे बंद करून घेतली, की त्या गटात विवाहयोग्य स्त्रीपुरुषांची संख्या समतोल राखणे भाग पडते. पती निधन पावल्यास स्त्री ‘अधिक’ ठरते, पत्नी निधन पावल्यास पुरुष ‘अधिक’ ठरतो, आणि हे अधिक मनुष्य गटाची मर्यादा मोडण्याचा धोका निर्माण करते. त्यावर योजलेले उपाय म्हणजे सती, सक्तीचे वैधव्य आणि बालिकाविवाह. या रूढींचा गौरव करणारे तत्त्वज्ञान नंतर आले. रूढी आधी, अंतर्विवाह टिकविण्याच्या गरजेतून आल्या.

प्रथम कोणत्या वर्गाने दारे बंद केली, याचे उत्तर त्यांनी पुरोहितवर्ग असे दिले. इतरांत जात पसरली ती मनूच्या आज्ञेने नव्हे. कोणी एक स्मृतिकार एवढ्या मोठ्या समाजावर अशी व्यवस्था लादू शकत नाही, हे त्यांनी निक्षून सांगितले. प्रसाराचे कारण त्यांनी अनुकरण हे मानले. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल तार्द यांच्या सिद्धान्तानुसार अनुकरण वरच्या स्तरातून खालच्या स्तराकडे वाहते आणि अंतर वाढेल तशी त्याची तीव्रता घटते. आंबेडकरांनी हा सिद्धान्त येथील परिस्थितीस लावून पाहिला. पुरोहितवर्गाच्या निकटच्या जातींत वर सांगितलेल्या तिन्ही रूढी आढळतात. जसजसे दूर जावे तसतशा त्या गळत जातात. ज्यांनी दारे स्वतः लावून घेतली नाहीत त्यांच्यावर ती बाहेरून लागली. म्हणून ‘जात’ एकवचनी असू शकत नाही. ती नेहमी अनेकवचनातच अस्तित्वात येते.

हा सिद्धान्त आज सर्वस्वी मान्य आहे की नाही, हा येथे मुख्य मुद्दा नाही. स्वतः लेखकानेही तो अखेरचा मानला नव्हता, आणि तो सदोष ठरल्यास सोडून देण्याची तयारी निबंधाच्या शेवटी दर्शविली होती. महत्त्वाची आहे ती विचाराची रीत. घरोघरी पाहिलेल्या विधवेचे दुःख आणि पाठशाळेत ऐकलेले गोत्राचे नियम या दोन गोष्टी मुंबई इलाख्यातील कोणाही सुशिक्षितास ठाऊक होत्या. त्या एकाच यंत्रणेचे भाग आहेत, हे गोत्र म्हणजे काय हेही ज्यांना माहीत नाही अशा श्रोत्यांपुढे बोलताना मांडले गेले. या निबंधात धिक्कार नाही आणि गौरवही नाही; आहे ती कारणमीमांसा. अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबात जन्मलेल्या विद्यार्थ्याने ती पंचविसाव्या वर्षी केली, हे विसरून चालणार नाही.

४. एका संज्ञेचा प्रवास

परदेशात शिकलेली संकल्पना मायदेशी आल्यावर तशीच राहत नाही, याचे एक उदाहरण आंबेडकरांच्याच लेखनात सापडते. कोलंबियातील त्यांचे गुरू जॉन ड्यूई यांनी १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या लोकशाही आणि शिक्षण या विषयावरील ग्रंथात ‘सामाजिक एंडॉस्मोसिस’ असा शब्दप्रयोग केला आहे. हा शब्द मूळचा जीवशास्त्रातला. पातळ पडद्यातून बाहेरील द्रव आत झिरपण्याच्या क्रियेस ही संज्ञा आहे. मराठीत तिला अंतःपरासरण म्हणता येईल. ज्या समाजात एक वर्ग विशेषाधिकारी आणि दुसरा अंकित असतो, तेथे अनुभवांचे असे परस्पर झिरपणे थांबते, हे ड्यूई यांचे प्रतिपादन.

१९१९ साली मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे निवेदन करताना आंबेडकरांनी ही संज्ञा वापरली. १९३६ सालच्या जातिनिर्मूलनावरील भाषणात ती पुन्हा आली आणि तेथे तिचे नाते त्यांनी बंधुभावाशी जोडले. परंतु दरम्यान तिचा आशय बदलला होता. ड्यूई यांच्या वाक्यात ते रूपक होते. ज्या समाजात मनुष्याचा स्पर्श आणि त्याने शिवलेले पाणीही विटाळ मानले जाते, तेथे ‘झिरपणे’ आणि ‘पडदा’ हे शब्द अलंकारिक उरत नाहीत. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले, तेव्हा प्रश्न तहानेचा नव्हता. सार्वजनिक जीवनात सर्वांचा समान व्यवहार असावा, हा होता. संज्ञा ड्यूई यांची. तिला हा अर्थ कोकणात मिळाला.

याच काळात आंबेडकरांच्या विवेचनातही बदल झाला. १९१६ च्या निबंधात जातीच्या उत्पत्तीबाबत शास्त्रग्रंथांना दुय्यम स्थान होते. १९३६ च्या भाषणात शास्त्रांच्या पावित्र्यावरील श्रद्धा हाच जातीचा आधार म्हणून पुढे येतो. उत्पत्तीचे कारण आणि टिकण्याचे कारण एकच असले पाहिजे असे नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. वर्गात शिकलेले पहिले उत्तर प्रत्यक्ष चळवळीच्या कसोटीला लागल्यावर विद्यार्थ्याने त्यात भर घातली.

५. सदोष साधने आणि त्यांची तपासणी

परदेशी विद्या सर्वत्र मुक्तिदायीच होती, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. त्याच विद्यापीठांत वंशश्रेष्ठतेच्या कल्पनाही शास्त्र म्हणून शिकविल्या जात. हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मापांवरून जातींचा उच्चनीच क्रम वंशाशी जोडला होता. मालवण येथे जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये मुंबई विद्यापीठातर्फे इंग्लंडला गेले आणि केंब्रिज येथे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्या हाताखाली शिकले. १९२२ मध्ये रिव्हर्स निधन पावले. घुर्ये परतल्यावर १९२४ पासून मुंबईच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या जात व वंश या विषयावरील ग्रंथात त्यांनी मापांची ती सामग्री पुन्हा तपासली आणि तिच्यावरून सबंध देशाला लागू पडेल असा निष्कर्ष काढता येत नाही, हे दाखविले.

घुर्ये यांच्या शिष्या इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या. तेथील मानवशास्त्र-संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर होते. पुढे नाझी राजवटीच्या वंशविषयक धोरणांना त्यांचे पाठबळ मिळाले. मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानता हा इरावतीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता. कवटीच्या या असमानतेत वंशागणिक भेद असावा, अशी मार्गदर्शकाची अपेक्षा होती. इरावतीबाईंच्या मापांतून तसा वंशभेद सिद्ध झाला नाही, आणि त्यांनी तो सिद्ध झाला असे लिहिले नाही. परदेशातील विद्यार्थिनीने, पदवी ज्याच्या हाती आहे अशा अध्यापकाच्या गृहीतकाविरुद्ध निष्कर्ष मांडावा, यास धैर्य लागते. तरीही शरीरमापनाची पद्धत त्यांनी पुढे दीर्घकाळ वापरली, हेही नमूद केले पाहिजे. गृहीतक टाकून दिले तरी साधन हातात राहते, आणि साधनाबरोबर त्याचे जुने प्रश्नही काही प्रमाणात राहतात.

इरावतीबाईंचे अधिक टिकाऊ कार्य दुसऱ्या परंपरेतून आले. रिव्हर्स यांनी वंशावळी आणि नातेवाचक शब्द यांच्या आधारे समाजरचना अभ्यासण्याची पद्धत रूढ केली होती. भारतातील आप्तसंबंधांवरील इरावतीबाईंच्या १९५३ च्या ग्रंथात भाषिक प्रदेशांनुसार नातेवाचक शब्दांची तुलना हाच पाया आहे. मामाच्या मुलीशी विवाह चालतो की नाही, याचा ठसा त्या त्या भाषेतील नात्यांच्या नावांवर कसा उमटतो, आणि उत्तर व दक्षिण यांच्या सीमेवरील महाराष्ट्रात दोन्ही पद्धतींची सरमिसळ कशी दिसते, हे त्यात पाहावयास मिळते. कवटीपेक्षा शब्दांनी समाजाविषयी अधिक सांगितले, असा या संशोधनाचा बोध घेता येईल.

६. परतीचा प्रश्न

विद्यार्थ्याची दृष्टी बदलली म्हणून त्याचा समाज बदलत नाही. याचा कठोर प्रत्यय आंबेडकरांना १९१७ साली आला. शिष्यवृत्तीच्या अटीनुसार ते बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले. पण शहरात त्यांना राहण्यास जागा मिळेना. पारशी विश्रामगृहात घेतलेला आसरा जात उघड होताच सोडावा लागला. कोलंबिया आणि लंडन येथील अध्ययन त्यांना एक खोली मिळवून देऊ शकले नाही. ज्या यंत्रणेचे विवेचन त्यांनी एक वर्षापूर्वी चर्चावर्गात केले होते, तिच्यापुढे विद्वत्ता हा अपवाद ठरत नव्हता.

यानंतरचे त्यांचे कार्य एका दृष्टीने भाषांतराचे होते. ‘मूकनायक’ १९२० मध्ये व ‘बहिष्कृत भारत’ १९२७ मध्ये निघाले. इंग्रजी चर्चावर्गात तार्द व ड्यूई यांच्या संज्ञांनी मांडलेला विचार येथे ज्यांचा तो प्रश्न होता त्यांच्या भाषेत मांडावा लागला. केतकरांनीही परतल्यावर महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे प्रचंड कार्य मराठीतच केले. रमाबाईंचे १८८९ चे पुस्तक तर आरंभापासूनच मराठी होते. परक्यांना स्वदेश समजावून सांगणे हे या शिक्षणाचे पूर्वार्ध, आणि ते ज्ञान स्वभाषेत परत आणणे हे उत्तरार्ध, असे म्हणता येईल. पहिले अर्ध केवळ पदवीसाठीही पुरे होते. दुसरे विद्यार्थ्याने स्वतःहून पत्करावे लागते.

७. उलट दिशेचा प्रवाह

अलीकडच्या काळात या व्यवहाराची दिशा काही अंशी उलटली आहे. इंग्रजीतील जातिवाचक ‘कास्ट’ हा शब्द मुळात पोर्तुगीज ‘कास्ता’वरून आला, भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येथील समाज पाहून पोर्तुगिजांनी तो योजला होता. काही शतकांनंतर तो अमेरिकन विद्यापीठांच्या नियमावलीत शिरला. ब्रँडाइस विद्यापीठाने डिसेंबर २०१९ मध्ये, तर कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने जानेवारी २०२२ मध्ये भेदभावविरोधी नियमांत जातीचा उल्लेख समाविष्ट केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल नगरपरिषदेने जातिभेदास बंदी करणारा ठराव कायद्याच्या स्वरूपात संमत केला. या निर्णयांवर तेथील भारतीयांत तीव्र मतभेद झाले. तथापि, एक गोष्ट निश्चित आहे. दक्षिण आशियातून आलेल्या विद्यार्थ्यांनी व रहिवाशांनी आपले अनुभव समजावून सांगितल्यावाचून परदेशी संस्थांना हा शब्द नियमात घालण्याचे कारण नव्हते. तसेच, जात विद्यार्थ्याबरोबर प्रवास करते, हेही त्यातून उघड झाले. १९१६ च्या निबंधात केतकरांच्या आधारे आंबेडकरांनी नेमकी हीच शक्यता सूचित केली होती.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. परदेशात सामाजिक परिवर्तनाचे तयार तत्त्वज्ञान मिळाले, असे या विद्यार्थ्यांच्या बाबतीत म्हणता येत नाही. मिळाली ती स्वसमाजाकडे तपासणीचा विषय म्हणून पाहण्याची संधी. या संधीचा उपयोग त्यांनाच झाला, ज्यांच्याजवळ जाण्यापूर्वीच काही प्रश्न होता. जेथे परकी पद्धत येथील सामग्रीवर तपासली गेली तेथे दोहोंचीही सुधारणा झाली. जेथे ती तशीच उचलली गेली तेथे नाकाची मापे उरली. शेवटी, परदेशात मांडलेला विचार जोवर स्वभाषेत पुन्हा मांडला जात नाही, तोवर तो ज्या समाजाविषयी आहे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

यावरून पदव्युत्तर विभागांसाठी एक सूचना करता येईल. परदेशी अध्ययन करून येणारे विद्यार्थी आपला प्रबंध इंग्रजीत सादर करतात, आणि बहुधा तेथेच थांबतात. त्या प्रबंधातील प्रमुख संज्ञा, त्या तेथे कोणत्या अर्थाने शिकल्या गेल्या, येथील सामग्रीला लावताना त्या कोठे अपुऱ्या पडल्या, आणि मराठीत त्यांना काय म्हणावे, याविषयी प्रत्येकाने एक निबंध विभागाच्या चर्चावर्गात मराठीतून वाचावा. त्या निबंधाचे श्रोते गोत्र म्हणजे काय हे जाणणारे असतील. पण ‘असे का?’ हा प्रश्न त्यांनीही विचारावा, एवढीच अपेक्षा आहे.